अर्जाला आपली भाषा कशी कळते?

समजा, तुम्ही संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसला आहात. पान उघडते ते कधी मराठीत, कधी इंग्रजीत. पान पाठवणारा दूरचा संगणक तर तुम्हाला ओळखत नाही. मग भाषा ठरवतो कोण?

तुमचा ब्राउझर पान मागताना सोबत एक चिठ्ठीच धाडत असतो. तीत भाषांची सांकेतिक अक्षरे असतात: मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. प्रत्येकीपुढे ० ते १ मधील वजन लिहिता येते. मराठी १, हिंदी ०.८, इंग्रजी ०.५ याचा अर्थ, मराठी असल्यास उत्तम, नसल्यास हिंदी, तीही नसल्यास इंग्रजी.

योजना छान, पण तिच्यात एक गोम आहे. ही चिठ्ठी माणूस लिहीत नाही, यंत्र लिहिते. फोन इंग्रजीवर लावलेला असला की मराठी मुलाच्या नावेही ‘ईएन’च जाते. शाळेतल्या एका संगणकावर तर दहा जण बसतात! ठिकाणावरून अंदाज करावा, तर बेळगावात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, पणजीत कोंकणी आणि मराठी.

तेव्हा चिठ्ठी हा नुसता पहिला अंदाज समजावा आणि सरळ विचारावे. भाषांची नावे पानाच्या माथ्यावर, ज्या त्या लिपीत असावीत. काही जण नावांऐवजी देशांचे झेंडे लावतात. तिरंग्यावर बोट ठेवले, तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणती उघडावी? केलेली निवड खात्यात नोंदवून ठेवावी. पुढच्या वेळी आधी ती पाहावी, मग चिठ्ठी.

खरी कसोटी पुढेच आहे. अर्धा अर्ज भरल्यावर कोणी भाषा बदलली, की पान नव्याने येते. भरलेली उत्तरे आधी जपून ठेवली नसतील, तर तासाभराची मेहनत पुसली जाते. चूक दाखवणारा संदेशही निवडलेल्या भाषेतच हवा. नेमका तोच पुष्कळदा इंग्रजीत राहून जातो.

आणि अंक? जन्मवर्ष देवनागरीत लिहिले, की काही अर्ज ते नाकारतात. कारण युनिकोड या चिन्हांच्या यादीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे, तर देवनागरी शून्याचा २४०६. दोन्हीकडे पुढचे अंक ओळीनेच येतात. त्यामुळे देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले, की काम झाले. देवनागरी दोनचा क्रमांक २४०८. वजाबाकी ५०, म्हणजेच इंग्रजी दोन. एवढी वजाबाकी संगणकाने करावी, अर्जदाराने नव्हे.