नरनाळा कुणाचा?

सुट्टी म्हटली की मुलांना मुंबई नाहीतर हैदराबाद आठवते. या हिवाळ्यात आम्ही ठरवले, आधी आपला वऱ्हाड पाहू. फज्रची नमाज अदा करून अकोल्याहून निघालो. अकोट, पोपटखेड आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूर. गाव लहान आणि शांत. अंगणात तूर वाळत घातलेली, गाडीचा आवाज ऐकून दारात आलेली चार मुले. पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आम्ही घाट चढलो.

एकामागून एक दरवाजे ओलांडत महाकाली दरवाजापाशी आलो आणि सगळेच थबकलो. फिकट वालुकाश्म, त्यावर कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंना जाळीदार सज्जे आणि वर अरबी अक्षरे. मुलाने विचारले, "नाव महाकाली, लिहिलंय अरबीत. मग हा किल्ला आपला की त्यांचा?"

हा प्रश्न त्याने कुठे ऐकला असेल, हे आम्हाला ठाऊक होते. उत्तर दरवाजातच होते. तो बांधला 1486-87 च्या सुमारास फतहुल्लाह इमादुल्मुल्कने. इतिहासकार फरिश्ता लिहितो की, तो विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू घराण्यातला. लहानपणी युद्धात पकडला गेला, मुसलमान झाला, बहमनी राज्यात वऱ्हाडचा सुभेदार झाला. 1490 मध्ये त्याने इमादशाही स्थापली. ती 1574 पर्यंत टिकली. अशा माणसाच्या दरवाजाची वाटणी कशी करणार? तो वऱ्हाडचा, म्हणून आपलाही.

नात म्हणाली, "दादी, तुम्हाला तर अरबी येते. हे वाचा ना." दादींनी चष्मा पुसला, बराच वेळ वर पाहिले. "बेटा, एखाददुसरं अक्षर ओळखते. बाकी सगळी एकमेकांत गुंफलेली आहेत." आमच्यापैकी कुणालाच ते वाचता आले नाही. नातीने वहीत जमेल तसे उतरवून घेतले.

किल्ल्यावरील जुनी मशीद, तलाव, श्रद्धेने सांगितल्या जाणाऱ्या बाघसवार वलींचा दर्गा पाहून परतलो. वाटेत दगडांवर खिळ्याने कोरलेली नावे दिसली. सगळ्या समाजांची होती, त्यात आपल्या पोरांचीही. तेव्हा मात्र आम्हाला लाज वाटली. वास्तू आपली म्हणायची, तर तिच्यावर ओरखडा काढण्याचा हक्क मिळत नाही. जपण्याची जबाबदारी मात्र येते.

शहानूरला उतरून झाडाखाली चादर अंथरली, जोहर अदा केली, भाकरीचे डबे उघडले. मुलगा म्हणाला, "पुढच्या वेळी वाचता येणारं कुणीतरी सोबत आणू." दादी म्हणाल्या, "तूच शीक ना."