औंधचे नमस्कार, साताऱ्याची चूल आणि शाळेतील खिचडी

मुलांचे शरीर आणि त्यांच्या पुढ्यातले अन्न हा शाळेच्या विचाराचा विषय आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा परिसरात दोन ठिकाणी रुजली. औंध संस्थानात ती राजाच्या हौसेतून आणि हुकमातून आली, तर तेथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या साताऱ्यात ती एका वसतिगृहाच्या चुलीपाशी वाढली. आजच्या शालेय पोषण आहार योजनेची तुलना या दोहोंशी केली, तर तिचे वळण चुलीपेक्षा हुकमाकडेच अधिक झुकलेले दिसते.

औंध हे 72 गावांचे छोटे संस्थान होते आणि त्याचा मुलूख सलग नव्हता. औंधपासून दूर असलेले आटपाडी आणि कुंडल हे आता सांगली जिल्ह्यात मोडणारे भागही त्यातच येत. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि कलासंग्राहक होते. औंधच्या यमाई देवीच्या डोंगरावर 1938 मध्ये उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय हे त्यांच्या रसिकतेचे सर्वपरिचित फळ आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचा खरा ध्यास सूर्यनमस्कार हा होता. ठरावीक क्रमाने दहा स्थितींतून जाणारा, मंत्रोच्चारासह करावयाचा हा व्यायाम ते स्वतः नित्य करीत, राजघराण्यातील स्त्रियाही करीत, आणि संस्थानच्या शाळांत मुलगे व मुली यांच्यासाठी तो दिनक्रमाचा भाग करण्यात आला. लुईस मॉर्गन या लेखिकेने संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. व्यायामाला योग्य आहाराची जोड हवी, हाही बाळासाहेबांच्या विचाराचा भाग होता; परंतु शाळेच्या पटांगणावर नमस्कार जसे मोजून घालून घेता येतात, तसे घरच्या ताटात काय पडावे हे मोजून घेता येत नाही, आणि औंधच्या प्रयोगाची मर्यादा नेमकी येथे होती.

ही मर्यादा एका विद्यार्थ्याच्या चरित्रात ठळकपणे उमटली आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच पुढचे साने गुरुजी, औंधला गरीब मुलांच्या शिक्षणाची व जेवणाखाणाची सोय होते असे कळल्यावर कोकणातून येथे शिकायला आले. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला हालअपेष्टा आल्या आणि अखेर प्लेगच्या साथीने त्यांना गाव सोडावे लागले. त्या काळी परगावी शिकणाऱ्या गरीब मुलापुढे सामान्यतः दोन पर्याय असत: माधुकरी, म्हणजे घरोघर शिजलेले अन्न मागून आणणे, किंवा वार लावणे, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवशी ठरलेल्या एका घरी जेवायला जाणे. वाराचे घर न मिळालेला दिवस उपासाचा. या पद्धतीने अनेक विद्वान घडवले हे खरे असले, तरी तिच्याविषयी जे हळवे कौतुक मराठीत केले जाते त्यात दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ताटकळणाऱ्या मुलाचा विचार फारसा नसतो. शिवाय जातीची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्यासाठी वार नव्हते आणि माधुकरीही नव्हती.

या दारांशी न अडखळणारी पंगत भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात मांडली. 1919 मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. स्वतः भाऊरावांना विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, कारण अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यामुळे आपल्या वसतिगृहात सोवळ्याचा वेगळा कोपरा ते ठेवतील हे संभवतच नव्हते. येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सर्व मुले एका चुलीवरचे जेवत आणि पाणी भरणे, सरपण आणणे, निवडणे-टिपणे, स्वयंपाक, भांडी ही कामे पाळीने करीत. भाजणारा आणि खाणारा एकच असला की कच्ची राहिलेली भाकरी हा तक्रारीचा विषय न राहता उद्या तवा अधिक तापवण्याचा धडा होतो. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकरी फुगत नाही, पीठ जुने झाले असेल तर थापताना कडा चिरतात आणि गरम पाण्याने उकड काढली तर तेच पीठ वळते, हे ज्ञान कोणत्याही आहारतक्त्यातून येत नाही. या पंगतीची किंमत ज्यांनी मोजली त्यांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई प्रथम येतात. वसतिगृहात वेळेला धान्य नसे, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. रयतच्या इतिहासात त्यांचा उल्लेख त्यागमूर्ती म्हणून आदराने केला जातो. पण वसतिगृहातील मुलांच्या अन्नाचा रोजचा हिशेब सांभाळणारी व्यवस्थापक म्हणून त्यांचे मोल अजून कोणी नीट केलेले नाही.

इतरत्रचा इतिहास थोडक्यात असा: 1937 च्या वर्धा परिषदेनंतर नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत बाग व स्वयंपाक हे शिक्षणाचे विषय झाले, 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी तेव्हाच्या मद्रास राज्यात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, शाळेतील जेवण व्यापक केले, जपानने 2005 मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. भारतात केंद्राची शालेय आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर कोरड्या तांदळाऐवजी शिजवलेले अन्न मिळू लागले.

प्राथमिक वर्गातील मुलाला या योजनेत रोज 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. त्यासाठी अनुक्रमे 100 व 150 ग्रॅम धान्य धरले जाते. महाराष्ट्रात हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ. खटाव तालुका, ज्यात औंध येते, आणि त्याच्या जवळचे माण व आटपाडी हा पर्जन्यछायेचा, शाळू, बाजरी, मटकी आणि हुलग्याचा प्रदेश आहे. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. येथील मुलाला शाळेत मिळणारे ‘पोषक’ अन्न मात्र भाताचे असते. दोनशे मुलांच्या भाकऱ्या थापणे मोजक्या स्वयंपाकी बायकांना शक्य नाही आणि त्यांना मिळणाऱ्या मानधनात ती अपेक्षा धरणेही अन्यायाचे आहे, हे मान्य करूनही हुलग्याचे माडगे, जे एका पातेल्यात शिजते आणि ज्याला थापण्याची गरज नाही, ते पातेल्याबाहेर का राहावे, याचे उत्तर सोयीखेरीज दुसरे नाही. 2024 मध्ये राज्याने पुलाव-खिचडी, मोड आलेली कडधान्ये आणि खीर किंवा नाचणी सत्त्व अशी त्रिस्तरीय पाककृती आणली तेव्हा मटकीला मानाचे स्थान मिळाले. आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा 2023 चा निर्णय मात्र 2025 च्या आरंभी निधीअभावी लोकवर्गणीवर सोडण्यात आला.

मोड आणणे हा तर विज्ञानाचा तासच आहे. मटकी सकाळी भिजत घातली, संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधली आणि उबेला ठेवली की दुसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसतात. थंडीत वेळ लागतो आणि फडके सुकले तर कोंब खुंटतात. पुरचुंडी मुलांनी बांधावी व त्यांनीच सोडावी, एवढी सूट शाळेने दिली तर त्या दिवशीची उसळ उरणे कठीण. तरीही बहुतेक शाळांत मुलांचा या आहाराशी संबंध ताट पुढे करण्याच्या क्षणी सुरू होतो. वाटपाआधी चव घेऊन नोंदवहीत सही करणारे शिक्षक असतात, पण मीठ कमी पडले हे नोंदवण्याचा अधिकार पाचवीतल्या मुलाला नसतो.

परसबागेची स्थिती याहून आशादायक आहे. शाळांतून पोषण-परसबाग करण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2019 मध्ये निघाल्या आणि हात व ताटे धुतलेल्या पाण्यावर आळी भिजवण्याची युक्ती दुष्काळी गावांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. अडचण सुट्टीची आहे. मे महिन्यात शाळा बंद असते, विहिरी तळ गाठतात, आणि मेथी, तांदुळजा, पालक यांचे वाफे करपतात. म्हणून या पट्ट्यात पालेभाज्यांचे वाफे पहिल्या पावसावर धरून फेब्रुवारीअखेर आटोपणे आणि बांधाला शेवगा, कढीपत्ता, हादगा यांसारखी एकदा मुळे धरली की कमी पाण्यावर तगणारी झाडे लावणे हे शहाणपणाचे ठरते. जूनमध्ये मुले परततात तेव्हा शेवग्याचा कोवळा पाला वरणात घालण्याजोगा झालेला असतो.