वेल्डेड बॉल व्हॉल्व्ह : न दिसणाऱ्या मालाची अमानत

पाइपलाइनमधील गॅस, तेल किंवा पाण्याचा प्रवाह सुरू-बंद करण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह वापरतात. आत आरपार भोक असलेला गोळा असतो. हँडल पाव फेरा फिरवले की वाट बंद होते. साध्या व्हॉल्व्हची बॉडी बोल्टने जोडलेली असते, ती खोलून सीट बदलता येते. वेल्डेड प्रकारात मात्र बॉडी वेल्डिंग करून कायमची बंद केलेली असते. तिला बोल्ट किंवा गॅस्केटचा जोड नसल्याने बाहेर गळती होण्याचा धोका कमी. म्हणूनच जमिनीत पुरलेल्या गॅसलाइनसाठी हा व्हॉल्व्ह पसंत केला जातो.

पण जो व्हॉल्व्ह खोलता येत नाही, त्याच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कसे कळणार? तो कारागिराच्या हातावर आणि दुकानदाराच्या शब्दावरच विसंबतो.

आमच्या वेल्डर बांधवांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हा व्हॉल्व्ह लाइनमध्ये जोडताना गोळा पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे ठिणग्या त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडत नाहीत. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या बाजूलाच लावावा. गोळ्यातून करंट गेला तर सीट खराब होते. टेफ्लॉनची सीट उष्णता फार सोसत नाही, म्हणून थांबून थांबून वेल्डिंग करावे आणि कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा पाळावी. ७०१८ रॉड कोरडेच वापरावेत. दमट रॉडमुळे पडलेली चीर पुष्कळदा नंतर उघडकीस येते.

व्यापारी बांधवांनी बॉडीवरील हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळवून पाहावा. पाइपलाइन व्हॉल्व्हच्या एपीआय ६डी मानकानुसार बॉडीची पाण्याने चाचणी ठरलेल्या दाबाच्या किमान दीडपट आणि सीटची १.१ पट दाबाने घेतात. ही चाचणी झाल्याचा कागद मालासोबत द्यावा.

भंगारातून आलेला व्हॉल्व्ह विकणे गैर नाही. गैर आहे ते त्याला रंग मारून नवा म्हणून विकणे. गळक्या व्हॉल्व्हमुळे आग लागली तर बळी जातो तो तिथे राबणाऱ्या मजुराचा. मालातील ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे आपण सारेच जाणतो. म्हणून जुना माल जुना म्हणूनच, पुन्हा टेस्ट करून, कमी भावात विकावा. नफा थोडा कमी होईल, पण रोजी हलाल राहील आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल.