गाडी कोणती, हे वजनकाट्याला विचारा!
बोलेरो की योद्धा? धानोऱ्याच्या दोन भावांचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा येथे आमचे जाणे झाले, तेव्हा ओळखीच्या एका घरात मोठा वाद चालू होता. दोघे भाऊ. थोरला सुकी मिरची, कांदा, लसूण यांचा व्यापार करतो. धाकट्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. दरवाजे, खिडक्या, ग्रील, पत्र्याचे शेड तयार करतो. वडिलांच्या वेळची जुनी गाडी थकली होती. नवीन पिकअप घ्यायचे ठरले होते, पण कोणती घ्यायची यावर एकमत होत नव्हते.

थोरला म्हणत होता, "बोलेरोच घ्यायची. हिचे काम कुठल्याही गावचा मिस्त्री करतो." धाकट्याचे म्हणणे, "भाई, तुमची मिरची हलकी आहे. माझे लोखंड आहे. दोन टन ओढणारी टाटाची योद्धाच पाहिजे." वडील आम्हाला म्हणाले, "तुम्ही चार ठिकाणी फिरता, लिहिता. आता तुम्हीच सांगा."

आम्ही ताबडतोब उत्तर दिले नाही. कारण गाडी ही लहान व्यापाऱ्याच्या आयुष्यातील घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते. येथे चूक झाली तर ती पाच-सात वर्षे भोगावी लागते. हा प्रश्न केवळ या दोन भावांचा नाही. आपल्यातील बागवान, मणियार, खाटीक, भंगारवाले, फर्निचरवाले असे कितीतरी बांधव आज याच वळणावर उभे आहेत. म्हणून जे त्यांना सांगितले तेच येथे मांडत आहोत.

प्रथम दोन्ही गाड्यांची माहिती घेऊ. टाटांची ४०७ ही १९८६ मध्ये आली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप आली. योद्धा हे नाव २०१७ मध्ये आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन पासिंगची योद्धा २.० बाजारात आली. तिचे डिझेल इंजिन २.२ लिटरचे, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. महिंद्रांचे घराणे जीपचे. त्यांची बोलेरो पिकअप खेड्यापाड्यांत आधीच रुळलेली होती. एप्रिल २०२३ मध्ये तिची बोलेरो मॅक्स ही नवी मालिका आली. तिच्यात १.३, १.७ आणि २ टन असे वेगवेगळे प्रकार मिळतात. इंजिन अडीच लिटरचे, ताकद मोठ्या प्रकारात ८० अश्वशक्तीच्या आसपास. दोन टनी प्रकाराला १० फुटी हौदा मिळतो. लोखंडी पाईप व अँगल सहा मीटरचे येतात. मधोमध कापले की ३ मीटरचे तुकडे त्या हौद्यात फाळका लावून बसतात.

म्हणजे केवळ "दोन टन" एवढ्यावर निवड होत नाही. दोन टन दोघांकडे आहेत. योद्धाकडे जोर जास्त, बोलेरोकडे प्रकारांची निवड जास्त. मग ठरवायचे कशावर?

आम्ही भावांना एकच काम सांगितले. महिनाभर जुनी गाडी किंवा भाड्याची गाडी, जी काही चालेल ती, प्रत्येक खेपेला काट्यावर न्या. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा आणि वहीत लिहा. सोबत कुठे गेलो, किती किलोमीटर, परत येताना गाडी भरलेली की रिकामी, हेही लिहा. काट्याची पावती फेकू नका.

वही भरल्यावर वाद आपोआप निम्मा झाला. सुक्या मिरचीची गाडी दोरीपर्यंत भरली तरी वजन टनाच्या आतच राहिले. मिरची जागा खाते, वजन देत नाही. ओल्या मिरचीची किंवा कांद्याची गोष्ट वेगळी. तेथे हौदा अर्धा रिकामा असतानाच पासिंग संपते. धाकट्याच्या लोखंडाचे वजन खरोखर मोठे होते, पण असा माल महिन्यातून एक-दोन वेळाच येत होता. तयार ग्रील व दरवाजे पोहोचवताना गाडी हलकीच असे. थोडक्यात, अठ्ठावीस दिवस हलकी चालणारी गाडी ते दोन दिवसांसाठी जड घ्यायला निघाले होते.

जड गाडीची किंमत शोरूममध्ये एकदाच दिसते, डिझेलमध्ये रोज दिसते. समजा, महिन्याला २,५०० किलोमीटर गाडी धावते. एक गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, दुसरी १०. पहिलीला २०८ लिटर लागले तर दुसरीला २५०. डिझेल ९० रुपये धरले तरी फरक महिन्याला पावणेचार हजारांच्या घरात जातो. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या रस्त्यावर, आपल्या मालासह ती गाडी चालवणाऱ्या दोन-तीन मालकांना विचारून खरे आकडे काढा. जाहिरातीतील आकडा वहीत लिहू नका.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला लागते. आपल्या जिल्ह्यातले व्यापारी आज नंदुरबारला तर उद्या गुजरातेत माल नेतात. त्यांनी एजंटाच्या शब्दावर न जाता त्या मॉडेलचे एकूण वजन कागदावर पाहावे. लायसन्सबाबत मात्र चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे.

पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये. अनेक जण मागे जादा पाटे टाकतात आणि पासिंग वाढले असे समजतात. पाटे टाकून गाडी बसत नाही एवढेच. पासिंग वाढत नाही, ब्रेकही तेच राहतात. उलट जाळी, जादा पत्रा, पाटे यांचे वजन आपल्याच पासिंगमधून जाते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चांदसैली घाटात, यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटली आणि अनेक जीव गेले. लग्न असो, जत्रा असो, "जरा नेऊन सोड" म्हणणारे आपलेच असतात. नाही म्हणणे जड जाते. पण हौदा मालासाठी आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक विम्यात धरला जातो. फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येते. जीव गेला तर त्याला भरपाईच नाही.

पैशांचेही पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ज्यांची नोंदणी नियमित पद्धतीची आहे आणि जे करपात्र मालाचा धंदा करतात, त्यांना या कराची वजावटही मिळू शकते. बिल धंद्याच्या नावाने घ्यावे व आपल्या हिशेबनिसाला आधी विचारावे. या घरात व्याजाच्या कर्जाला वडिलांचा नकार होता. तेव्हा मामूंनी काही रक्कम भागीदारीत घातली. नफ्यातील वाटा किती, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, गाडी विकली तर काय, हे सर्व दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतले. नात्यात लिहायचे कसे, असा संकोच आपल्याकडे फार असतो. पण न लिहिलेल्या व्यवहारातूनच नाती तुटतात. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच.

शेवटी भावांनी काय केले? मोठी योद्धाही नाही आणि मोठी बोलेरोही नाही. त्यांनी मॅक्सचा लहान, १.३ टनी प्रकार घेतला. लोखंडाच्या एक-दोन जड खेपा भाड्याच्या गाडीने आणायच्या ठरल्या. उरलेल्या पैशांत धाकट्याने दुकानासाठी नवीन वेल्डिंग मशीन घेतले. थोरला हसत म्हणाला, "जिंकलो मी, पण मशीन आले याचे."

याचा अर्थ सर्वांनी हीच गाडी घ्यावी असा नाही. जो रोज दोन टन माल घेऊन धडगाव, तोरणमाळच्या घाटात चढतो, त्याला आम्ही योद्धाच पाहायला सांगू. तेथे इंजिनाचा जोर कामी येतो. ज्याचा माल लांब आणि जड आहे, त्याने १० फुटी हौदा मोजावा. पण बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर आले आहेत. अनेक बिघाड संगणकाचे मशीन जोडल्याशिवाय सापडत नाहीत. म्हणून कोणतीही गाडी घेण्यापूर्वी त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे, ते स्वतः जाऊन पाहावे. गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन बाजार बुडतात.

शेजाऱ्याने कोणती घेतली, चौकात कोणती शोभते, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. आपण आधी काट्यावर जावे. महिनाभराच्या वहीला जे ठाऊक असते, ते शोरूमच्या सेल्समनला ठाऊक नसते.