स्वयंरोजगारित व्यक्तीचे घरातील कार्यालय आणि आयकरातील वजावट

प्रस्तावना :
राहत्या घरातूनच भाषांतर, शिकवणी, लेखापालन वा सल्लागाराचे काम करणाऱ्यांचा वर्ग आज मोठा आहे. आपल्या महाविद्यालयांतील अनेक पदवीधर तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असतानाच असा व्यवसायही सांभाळतात. मात्र घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरल्यास त्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, याची माहिती नसल्याने ते देय नसलेला करही भरतात. प्रस्तुत लेखात या तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदेशीर आधार :
आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास आयकर अधिनियम, १९६१ लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर अधिनियम, २०२५ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी या तरतुदींचा गाभा कायम आहे. पुढील कलमे १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

१) कलम ३० : भाडेकरूस जागेचे भाडे, तर मालकास चालू दुरुस्ती, स्थानिक कर व विम्याचा हप्ता यांची वजावट मिळते. मालकाला स्वतःच्याच घराचे काल्पनिक भाडे दाखविता येत नाही.
२) कलम ३२ : घसारा. संगणकावर ४० टक्के, फर्निचरवर १० टक्के व निवासी इमारतीवर ५ टक्के असा दर आहे.
३) कलम ३७ : वीज, दूरध्वनी, इंटरनेट इत्यादी खर्च, परंतु केवळ व्यवसायापुरता.
४) कलम ३८ : जागेचा काही भाग निवासासाठी असल्यास वजावट प्रमाणशीरच मिळते.

उदाहरण :
एक भाषांतरकार ६०० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरातील १२० चौरस फुटांची खोली केवळ कामासाठी वापरतो. हे प्रमाण २० टक्के होते. वार्षिक भाडे १,८०,००० रुपये असल्यास ३६,००० रुपये व वीजबिल १८,००० रुपये असल्यास ३,६०० रुपये वजा करता येतील. वर्षारंभी घेतलेल्या व केवळ कामासाठी वापरलेल्या ५०,००० रुपयांच्या संगणकावर २०,००० रुपये घसारा मिळेल. एकूण वजावट ५९,६०० रुपये होईल.

मर्यादा व दक्षता :
वकील, डॉक्टर, वास्तुविशारद इत्यादी विनिर्दिष्ट व्यावसायिकांनी कलम ४४एडीए अन्वये ढोबळ प्राप्तीच्या ५० टक्के उत्पन्न दाखविल्यास हे खर्च त्यातच समाविष्ट मानले जातात. ते पुन्हा वजा करता येत नाहीत. या व्यवसायांच्या यादीत भाषांतर वा शिकवणीचा उल्लेख नाही, म्हणून अशा व्यक्तींनी प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते. भाडेकरार, बिले, बँकेतून दिलेल्या रकमांची नोंद व खोलीचे मोजमाप जपून ठेवावे. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः अमान्य होतो. तसेच मालकाने घराच्या भागावर घसारा घेतल्यास, पुढे विक्रीच्या वेळी त्या भागाचा नफा कलम ५० अन्वये अल्पकालीन भांडवली नफा ठरू शकतो.

पगारदार प्राध्यापकास मात्र वेतनातून घरातील अभ्यासिकेचा खर्च वजा करता येत नाही; त्याला ठरावीक प्रमाणित वजावटच मिळते. स्वतंत्र व्यवसायाचे उत्पन्न असेल, तर तेवढ्यापुरता हा नियम लागू होतो. नव्या करप्रणालीतही व्यवसायाचे हे नेहमीचे खर्च वजा होतात.

निष्कर्ष :
ही वजावट म्हणजे सवलत नसून निव्वळ उत्पन्न मोजण्याची रीत आहे. म्हणूनच ती मागण्यात संकोच नसावा आणि प्रमाण ठरविताना अतिशयोक्तीही नसावी. वाणिज्य विभागांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना असा हिशेब प्रत्यक्ष करावयास शिकविल्यास त्यांच्या स्वयंरोजगारास मोलाचे साहाय्य होईल.