नकाशाचे थर आणि त्यांचा क्रम

नागपूर येथे १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहचित्रांच्या आधारे राज्यातील जमीन, पाणी व वने यांचे नकाशे तयार करते. असा नकाशा संगणकाच्या पडद्यावर थराथरांनी उभा राहतो : तळाशी उपग्रहचित्र, त्यावर जमिनीचा वापर, मग नाले, रस्ते, गावांच्या शिवेच्या रेषा आणि सर्वांत वर नावे. वनांचा रंगीत थर चुकून वर गेला, तर शिवेची रेषा झाकली जाते आणि नोंद असूनही शेतकऱ्याला आपल्या गावाची हद्द दिसत नाही.

वेबपृष्ठावरही हाच प्रश्न उद्भवतो. त्यासाठी १९९८ च्या सीएसएस-२ या नियमावलीत 'झेड-इंडेक्स' या क्रमांकाची सोय करण्यात आली. ज्याचा क्रमांक मोठा तो घटक वर. क्रमांक सारखे असल्यास मजकुरात नंतर आलेला वर. ज्या घटकाची 'पोझिशन' ठरवून दिलेली नाही, त्यावर मात्र हा क्रमांक सहसा चालत नाही. खरी मेख पुढेच आहे. क्रमांक मिळालेल्या घटकाच्या पोटातील घटकांचा स्वतंत्र ढीग बनतो. खालच्या ढिगातील घटकाला ९९९९ क्रमांक दिला, तरी तो वरच्या ढिगाला ओलांडू शकत नाही. अशा वेळी क्रमांक वाढवीत बसणे व्यर्थ होय. मूळ ढिगाचाच क्रम बदलावा लागतो.