आजव्याचे बासष्ट दरवाजे

बडोद्यावर लिहावयाचे म्हणजे लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग आणि विद्यापीठ यांचे यथासांग वर्णन करावयाचे, अशीच संपादकमहाशयांची अपेक्षा होती. परंतु ऐन पावसाळ्यात दांडिया बाजारातील मराठी घरी पाऊल टाकावे, तर यजमान कुशल विचारण्याआधी 'आज आजवा किती फूट?' असे विचारतात, आणि मग राजवाड्यांत मन रमत नाही.

आजव्याचा दफ्तरी इतिहास थोडका आहे. कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेल्या महाराज सयाजीरावांना 1881 च्या अखेरीस संपूर्ण अधिकार मिळाले, 1885 त शहराला पाणी पुरवण्यासाठी त्याच्या पूर्वेस आजव्याच्या मातीच्या धरणाचे काम सुरू झाले आणि 1890 त ते पुरे झाले. तेव्हा शहराची वस्ती सव्वा लाखाच्याही आत होती. आज ती वीस लाखांपलीकडे गेली असून मही नदीचे पाणी ओढणाऱ्या 'फ्रेंच विहिरी' मदतीला असल्या, तरी संस्थानी अमलातले हे तळे अद्याप सेवानिवृत्त झालेले नाही.

आमचे चित्त मात्र गुंतले ते त्याच्या 62 दरवाज्यांत. पावसाळ्यात त्यांची पातळी 211 फुटांवर राखली जाते. त्यावर चढलेले पाणी कोणाचाही हुकूम न मागता शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची वाट धरते. तळे शिगोशीग भरते 214 फुटांवर. साऱ्या शहराचा जमाखर्च या तीन फुटांत आहे: पाणी राखावे तर पुराची धास्ती, सोडावे तर उन्हाळ्याची विवंचना.

31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 50 सेंटीमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट 2024 मध्ये काळा घोडा चौकाजवळच्या पुलाखाली नदी 35 फुटांवर गेली, आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मगरी सोसायट्यांच्या अंगणांत आल्या. 2025 च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल व रुंद करण्याची तजवीज झाली, हे स्तुत्यच. परंतु पावागडाहून येणाऱ्या पाण्याला पसरावयास जी कोतरे, म्हणजे घळी, होती, ती बुजवून त्यांवर इमारती उठल्या, त्यांचे काय? आमच्या मते अपराध धरणाचा नाही, बांधकामाच्या परवान्यांवर शिक्के मारणाऱ्यांचा आहे. बडोद्यात घर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी सदनिकेचा नकाशा पाहण्यापूर्वी त्या जागेवरून पूर्वी कोतर वाहत होते काय, याची शेजारच्या एखाद्या वृद्धाकडे अवश्य चौकशी करावी.